एरिया सेफ आहे, पण कुणासाठी?

शहराच्या कडेला फ्लॅट पाहायला गेलेल्या कुटुंबातली बाई एक प्रश्न हमखास विचारते, "एरिया सेफ आहे ना?" किंमत, कर्ज, कार्पेट एरिया, पार्किंग हे सगळं नवरा, दीर, सासरे विचारून घेतात. हा एक प्रश्न मात्र बाईचा म्हणून राखून ठेवलेला असतो. त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. "काही काळजी करू नका मॅडम. सगळे चांगले लोक आहेत, फॅमिलीवाले. जवळपास झोपडपट्टी नाही. गेटवर चोवीस तास सिक्युरिटी आहे, जिन्यात, लिफ्टमध्ये सगळीकडे सीसीटीव्ही आहे." बाईचं समाधान झालं असं धरून बोलणं पुन्हा व्याजदराकडे वळतं.

मला भांडायचं आहे ते या उत्तराशी. तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. जन्माची कमाई आणि पुढच्या वीस वर्षांचे हप्ते ज्या जागेत ओतायचे, ती जागा कशी आहे हे विचारायलाच हवं. पण तिने विचारलं होतं की मी आणि माझ्या मुली इथे निर्धास्त वावरू शकू का. तिला सांगितलं गेलं की तुमच्या शेजारी कोण राहणार नाही. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच आहेत असं बिल्डरने, एजंटने, नातेवाइकांनी आपल्याला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता आपणही तेच बोलू लागलो आहोत.

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन गेली बारा वर्षं पुण्यात स्त्रियांच्या समुपदेशन केंद्रात काम करते आहे. नगर रस्त्यावरच्या खराडी, वाघोली, केसनंद या पट्ट्यातल्या बाया आमच्याकडे येतात. टॉवरमधल्या येतात आणि टॉवरच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांमधल्याही येतात. म्हणून मी इथे बोलणार आहे ते याच पट्ट्याबद्दल. पण खारघर-उलव्यात, वसई-विरारमध्ये, नाशिकच्या पाथर्डी फाट्याला किंवा नागपूरच्या बेसा भागात घर शोधणाऱ्या मैत्रिणींना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

‘चांगले लोक’ म्हणजे कोण?

एजंट ‘चांगले लोक’ म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं, हे आपल्याला नीट कळतं. पगारदार, आपल्यासारखे, आपल्या जातीपातीचे नसले तरी फार ‘खालचे’ नसलेले. मुसलमान नसलेले. एकट्या राहणाऱ्या मुली नसलेल्या. हे उघड बोलायची गरज पडत नाही. आडनाव विचारलं की पुरतं. मग सभासदत्वाचा अर्ज लांबवला जातो, भाडेकरूला ‘कमिटीची परवानगी नाही’ असं सांगितलं जातं. घटस्फोटित बाईला जागा नाकारतानाही कारण सुरक्षिततेचंच दिलं जातं. कुणाची सुरक्षितता, ते कुणी विचारत नाही.

आता आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२३ च्या अहवालात देशभरात स्त्रियांविरुद्धच्या सुमारे ४ लाख ४८ हजार गुन्ह्यांची नोंद आहे. त्यातला सर्वांत मोठा गट कोणता? नवरा आणि सासरच्यांनी केलेला छळ, सुमारे १ लाख ३३ हजार प्रकरणं. बलात्कारांचं पाहायचं तर २०२१ मध्ये ३१ हजार ६७७ गुन्हे नोंदले गेले आणि त्यातल्या ९६ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा होता. कुटुंबातला, शेजारचा, मित्र म्हणवणारा, कामावरचा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार विवाहित स्त्रियांपैकी एकीने नवऱ्याची हिंसा भोगल्याचं सांगितलं. जी बोलली नाही ती या मोजणीत नाही.

ही माणसं झोपडपट्टीतून भिंत चढून आलेली नाहीत. त्यांच्याकडे गेटचा पास आहे, लिफ्टची चावी आहे, सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीची पावती आहे.

आणि ज्यांची भीती घातली जाते ती माणसं किती सुरक्षित आहेत तेही पाहा. २३ डिसेंबर २०२४ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, वाघोलीत केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर एक डंपर गेला. तिघांचा जीव गेला, त्यात दोन अगदी तान्ही म्हणावीत अशी मुलं होती. ही कुटुंबं अमरावतीकडून कामाच्या शोधात आली होती. आपण ज्या ‘उभरत्या’ भागात घर घेतो, तो भाग उभारणाऱ्यांनी कुठे झोपायचं हा प्रश्न कुणाच्याच ब्रोशरमध्ये नसतो. बांधकामाच्या जागी मजुरांना तात्पुरती निवाऱ्याची सोय, संडास, आणि पन्नासहून अधिक बायका कामाला असतील तर पाळणाघर द्यायला हवं, असं १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने बंधनकारक केलं होतं. यातलं किती प्रत्यक्षात दिसलं हे साइटवर विटा वाहणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. अंधार पडायची वाट पाहून, सोबतीला एखादी बाई घेऊन ती आडोशाला जाते. तिच्यासाठी हा एरिया सेफ आहे का? हा प्रश्न आपण विचारलाच नाही, कारण आपल्या मनात ती या एरियात राहतच नाही.

सकाळी सात वाजता याच वस्तीतली बाई आपल्या घरात येते. आपली भांडी घासते, आपलं मूल सांभाळते, आपल्या सासूला अंघोळ घालते. तेव्हा ती विश्वासाची असते. तिच्या वस्तीवर बोलायची वेळ आली की तीच धोका होते. हे ढोंग आपण कधी सोडणार?

भिंतीच्या बाहेरचा रस्ता

आता त्या भिंतीकडे येऊ. वाघोलीसारख्या भागात फिरलात तर एकामागे एक मोठे प्रकल्प दिसतील. प्रत्येकाभोवती आठ-दहा फुटांची भिंत, वर तारा. दोन गेटांच्या मध्ये बराच लांब नुसती भिंतच. त्या रस्त्यावर ना घराची खिडकी उघडते, ना दुकानाचं शटर. पथदिवा असतो तर त्यात दिवा नसतो. बाजूला पडीक प्लॉट, त्यावर राडारोडा, टँकरमुळे सतत झालेला चिखल. आतमध्ये मात्र बाग आहे, पोहण्याचा तलाव आहे, पायवाटेवर दर दहा पावलांवर दिवा आहे.

रस्ता सुरक्षित कशाने होतो, याचा विचार जगात बऱ्याच आधी झाला आहे. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ साली शहरांवरच्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की रस्त्याची राखण मुख्यतः पोलीस करत नाहीत, त्या रस्त्यावर वावरणारी सामान्य माणसं करतात. दुकानदार, खिडकीत उभी असलेली बाई, ओट्यावर बसलेली म्हातारी, येणारे-जाणारे. आपल्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. पेठेतल्या गल्लीत रात्री दहाला पिठाची गिरणी बंद करणारा माणूस, कोपऱ्यावरची पानाची टपरी, जिन्यात गप्पा मारणाऱ्या बाया, यांच्या भरवशावर आपल्या आया-मावश्या रात्रपाळी करून घरी आल्या. जुन्या वाड्यांचं आणि चाळींचं कौतुक मला करायचं नाही. तिथल्या त्याच डोळ्यांनी बाईचा पदर आणि परतायची वेळ मोजली, हे मला ठाऊक आहे. पण हाक मारली तर ऐकणारं कुणी तरी असणं, ही त्यातली घेण्याजोगी गोष्ट होती. भिंतींनी नेमकी तीच संपवली. मोजणारे डोळे मात्र राहिले, फक्त ते आता कॅमेऱ्यात बसवले आहेत.

पुण्यात घडलेल्या गोष्टी आपण विसरलेल्या नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या कॉल सेंटरमधल्या तरुणीवर, तिला कामावर न्यायला आलेल्या गाडीच्या चालकानेच साथीदारासह बलात्कार करून तिचा खून केला. ऑक्टोबर २००९ मध्ये खराडी बायपासला घरी जाण्यासाठी वाहनाची वाट पाहणाऱ्या संगणक अभियंता तरुणीचं अपहरण झालं, तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, तिलाही मारून टाकलं. दोघीही कामावर जाण्या-येण्याच्या वाटेवर होत्या. त्यांच्या घराची भिंत किती उंच होती याला काही अर्थ नव्हता. वेळेवर येणारी, माणसांनी भरलेली, उजेडातल्या थांब्यावरची सार्वजनिक बस असती तर अनोळखी गाडीत बसायची वेळ किती जणींवर आली असती?

आणि ‘सिक्युरिटी’चं म्हणाल, तर २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट एसटी आगारात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. आगाराला सुरक्षारक्षक नेमलेले होते. पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर होतं. जागा भर शहरातली होती, कडेची नव्हे. कॅमेऱ्यांमुळे आरोपीची ओळख पटायला मदत झाली, पण त्या मुलीला वाचवायला कॅमेरा पुढे आला नाही. पुरावा गोळा करणं आणि राखण करणं यातला फरक आपण समजून घ्यायला हवा.

मग दिवा मागायचा कुणाकडे? इथे नव्या भागांची खरी गोम आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये वाघोलीसह २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्याआधी ग्रामपंचायत होती, वर २०१५ साली स्थापन झालेलं महानगर प्रदेश विकास प्राधिकरण होतं. पोलीस ठाण्याची हद्दही याच काळात पुणे ग्रामीणमधून शहरात आली. गावं महापालिकेत आली आणि मार्च २०२२ ला महापालिकेचीच मुदत संपली. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक कारभार पाहत होते. म्हणजे इमारती उठत होत्या, कर भरला जात होता, आणि बंद पथदिव्याबद्दल जाब विचारायला आपला असा प्रतिनिधी नव्हता. ज्यांना परवडलं त्यांनी भिंतीआड स्वतःचे दिवे लावले. बाकीच्यांनी मोबाइलच्या उजेडात चालायला सुरुवात केली.

भिंतीआड पाचशे कुटुंबं देखभाल खर्चातून सुरक्षा विकत घेतात तेव्हा पाचशे कुटुंबं बाहेरच्या रस्त्याबद्दल भांडायचं सोडून देतात. रस्ता अंधारात राहतो आणि त्या अंधारातून त्यांच्याच घरी कामाला येणारी बाई चालत राहते. आपल्या विकत घेतलेल्या सुरक्षिततेची किंमत अशी दुसरीच कुणी मोजते.

रविवारी सकाळी अकरा वाजता

घर पाहायची वेळ ठरलेली असते. रविवारी सकाळी, ऊन चांगलं असताना, गाडीतून. सॅम्पल फ्लॅटमध्ये सरबत मिळतं. बाल्कनीतून डोंगर दिसतो. नवऱ्याच्या मनात स्टेशन, विमानतळ, ‘आयटी पार्क वीस मिनिटांवर’ हे हिशेब पक्के होतात. गाडी तोच चालवत असतो, त्यामुळे वीस मिनिटंही त्याचीच असतात.

बाईचा दिवस मात्र वेगळ्या रस्त्यावरून जातो. मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, तिथून नोकरी, परतताना भाजी, सासऱ्यांची औषधं. यातला बराच प्रवास पायी, शेअर रिक्षाने, बसने. रात्री आठनंतर बसची वारंवारता काय, मुख्य रस्त्यावरच्या थांब्यापासून गेट किती लांब, पाऊस असेल तर काय, हे रविवारी अकराला कळत नाही.

आमच्या केंद्रात येणाऱ्या एका बाईंचं उदाहरण सांगते. येरवड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होत्या तेव्हा त्या एका दवाखान्यात दुपारपाळीला होत्या, रात्री नऊला सुटायच्या. ‘मोठं आणि सेफ’ घर म्हणून कुटुंब शहराबाहेर गेलं. गेटवर तीन वॉचमन. पण थांब्यापासून गेटापर्यंतचा तो पाऊण किलोमीटर त्यांना रात्री साडेदहाला एकटीने चालता येईना. महिनाभर नवरा न्यायला आला. मग कटकट सुरू झाली. मग ‘तुझ्या पगारात येतंय काय’ सुरू झालं. चार महिन्यांत नोकरी सुटली. कुणीही त्यांना नोकरी सोड असं एका वाक्यात सांगितलं नाही. त्या रस्त्याने ते काम केलं. पगार गेला, त्याबरोबर बँकेतलं खातं रिकामं झालं आणि घरातला शब्दही गेला. पुढे मारहाण सुरू झाली तेव्हा त्यांच्या हातात रिक्षाचे पैसे नव्हते.

म्हणून रस्त्याचा, बसचा प्रश्न हा सोयीचा किरकोळ प्रश्न नाही. दिल्लीत कॉलेजात जाणाऱ्या मुलींवरच्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात असं दिसलं की छेडछाडीच्या भीतीने मुली सुरक्षित रस्त्यासाठी कमी दर्जाचं कॉलेजही पत्करतात. मुलगे असं करताना फारसे दिसत नाहीत. रस्ता असुरक्षित असला की बाईचं शिक्षण आखडतं, कमाई आखडते, आणि घरातल्या हिंसेतून बाहेर पडायची ताकदही आखडते.

गेटच्या आत

या बाईंनी केंद्राला फोन केला तेव्हा आम्ही दोघी कार्यकर्त्या त्यांच्या सोसायटीत गेलो. वॉचमनने नियमाप्रमाणे इंटरकॉम लावला. नवऱ्याने उचलला आणि सांगितलं, "ओळखत नाही, आत सोडू नका." आम्ही गेटबाहेर उभ्या राहिलो. पोलिसांना बोलावून आत जायला दोन तास गेले. शेजारच्या फ्लॅटमध्ये आवाज जात होता, पण ‘त्यांचा फॅमिली मॅटर’ म्हणून कुणी दार उघडलं नाही. वस्तीत हाणामारी झाली तर चार बाया धावून येतात, निदान आरडाओरडा करतात. इथे भिंती जाड होत्या आणि शिष्टाचार त्याहून जाड. जे गेट बाहेरच्यांना अडवतं ते मदतीलाही अडवतं, हे त्या दिवशी त्या वॉचमनलाही कळलं असावं. बिचारा सारखी मान खाली घालत होता. बारा तासांच्या पाळीत कमिटीचा नियम मोडून तो नोकरी घालवणार होता का?

आणखी एका प्रकरणात नवऱ्याने बायकोच्या ‘चारित्र्या’चा पुरावा म्हणून गेटवरच्या नोंदीतल्या तिच्या येण्या-जाण्याच्या वेळा आमच्यासमोर ठेवल्या. आता तर गेटवर कोण आलं, कोण गेलं याची सूचना थेट मोबाइलवर येते. ती कुणाच्या मोबाइलवर येते, हे ज्याच्या नावावर घर आहे त्यावर ठरतं.

म्हणून मैत्रिणींनो, घराच्या सुरक्षिततेची पहिली तपासणी कागदावर करा. करारनाम्यावर तुमचं नाव आहे का? एक एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ६० लाखांच्या घरामागे ६० हजार रुपये. असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही आधीची अट २०२३ मध्ये काढून टाकली. सवलतीसाठी का होईना, काही नवरे बायकोचं नाव लावतात. लावू देत. पण नाव लावलं की सगळे कागद स्वतः वाचा, मूळ प्रती कुठे आहेत ते माहीत ठेवा, आणि कर्जाच्या कागदावर सही करताना किती रकमेला आपण बांधल्या जातो आहोत ते विचारा.

नाव नसलं तरी तुम्ही उघड्यावर नाही. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चं कलम १७ बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतं, मग घर कुणाच्याही नावावर असो. घर सासऱ्यांच्या मालकीचं आहे एवढ्या कारणाने हा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. राहण्याचा हक्क आणि मालकी यात फरक आहे, पण मध्यरात्री घराबाहेर काढलेल्या बाईला पहिला आधार या हक्काचाच असतो.

नाव असण्याचा आणखी एक अर्थ आहे. सोसायटीच्या भागपत्रावर नाव असेल तर तुम्ही सभासद, मग तुम्ही सभेत बोलू शकता, निवडून येऊ शकता. व्यवस्थापन समितीत स्त्रियांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्या जागांवर सेक्रेटरीच्या बायकोचं नाव घालून हळदीकुंकवाचं काम तिच्याकडे दिलं जातं. गेटचे नियम, भाडेकरूंचे नियम, दिव्यांचा खर्च हे याच समितीत ठरतं. तिथे बसायला हवं.

मग काय बघायचं?

स्त्रियांनी स्वतः चालून, पाहून आपल्या भागाची सुरक्षा तपासणी करायची, ही पद्धत १९८९ साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये स्त्रियांच्या एका संघटनेने बसवली. आपल्याकडे दिल्लीत जागोरीने ती चालवली. २०१३ मध्ये सेफ्टीपिन नावाचं मोबाइल अॅपही निघालं. उजेड किती, पुढचं दिसतं किती, चालायला वाट आहे का, वाहन किती जवळ, रस्त्यावर बाया आणि मुलं किती, अशा गोष्टी त्यात मोजल्या जातात. शेजाऱ्यांचं आडनाव त्यात कुठेही नाही.

घर पाहायला जाताना आपणही हे करू शकतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री आठ-नऊला जा. गाडी न्यायची नाही. बसने जा, थांब्यावर उतरा, गेटापर्यंत चालत जा. एक मैत्रीण बरोबर घ्या, पण हा रस्ता मी एकटीने चालेन का, हे मनाशी प्रामाणिकपणे विचारा. वाटेत किती पथदिवे आहेत आणि किती चालू आहेत ते मोजा. भाजीवाली आहे का, चहाची टपरी आहे का, त्या वेळी कुठे बाया उभ्या दिसतात का, ते पाहा. वडापावची गाडी आणि इस्त्रीवाला यांना एजंट ‘अतिक्रमण’ म्हणेल. तुमच्यासाठी ते राखणदार आहेत. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे का ते शोधा. शेवटची बस किती वाजता, ते एजंटला विचारू नका, थांब्यावर उभ्या असलेल्या बाईला विचारा. पोलीस चौकी कोणती, तिची हद्द कुठपर्यंत, हेही माहीत करून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, ठाण्याने तक्रार नोंदवलीच पाहिजे. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं सांगून कुणी परत पाठवू लागलं तर हे कलम तोंडपाठ असू द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं, त्या भागात आधीपासून राहणाऱ्या बायांशी बोला. धुणीभांडी करणाऱ्या, गावठाणातल्या, दगडखाणीवरच्या, साइटवरच्या. कुठल्या वळणावर पोरं उभी असतात, कुठला प्लॉट टाळायचा, कुठल्या चौकीत बाईचं ऐकून घेतात, हे त्यांना जेवढं ठाऊक असतं तेवढं कुठल्याही विक्री कार्यालयाला ठाऊक नसतं. जिला एजंट धोका म्हणून दाखवतो तीच तुम्हाला त्या भागाची खरी माहिती देऊ शकते.

‘आम्ही आमच्या मुलींचा विचार करायचा नाही का?’

हा आक्षेप मी दर सभेत ऐकते, आणि तो खोटा नाही. मुलगी क्लासहून परत येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. एकटी बाई काही सगळा रस्ता बदलू शकत नाही, ती आपल्या पैशात जमेल तेवढी भिंत विकत घेते. तिला दोष देणं हा या लेखाचा हेतू नाही.

पण मुलीचा विचार करायचा तर पुढचाही करा. ती अठराची होईल, तिला गेटबाहेर जायचं असेल. मुंबईतल्या स्त्रियांच्या सार्वजनिक वावरावर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. सुरक्षिततेच्या नावाखाली आधी परक्यांना हटवलं जातं आणि मग बायांनाही घरात बसवलं जातं, हे त्यांनी त्यात नीट मांडलं आहे. आज वस्तीतल्या पोराला गेटवर अडवणारी समितीच उद्या ‘मुलींनी नऊच्या आत यावं’ असा फलक लावते. आज मुसलमान भाडेकरू नको म्हणणारी सोसायटी उद्या नोकरी करणाऱ्या चार मुलींनाही घर नाकारते, आणि परवा नवऱ्याचं घर सोडून आलेल्या तुमच्याच मुलीला. बहिष्काराची सवय एका दारापाशी थांबत नाही.

आपल्या मुलीला सुरक्षित ठेवायचं असेल तर तिला जो रस्ता लागतो तो सगळ्यांच्याच मुलींसाठी सुरक्षित करावा लागेल. बंद पथदिव्यांची यादी खांबाच्या क्रमांकासह करून क्षेत्रीय कार्यालयात द्या, पोच घ्या. पीएमपीकडे रात्री साडेदहापर्यंत बस मागा. ८ मार्च २०१८ ला सुरू झालेली महिलांची तेजस्विनी बस आपल्या मार्गावर का नाही, ते विचारा. लांबलचक भिंत असेल तर रस्त्याकडेला दुकानांना, भाजीवाल्यांना जागा मागा. आता नगरसेवक निवडून आलेले आहेत, त्यांना तपासणीच्या फेरीला रात्री चालत आणा. सोसायटीत ठराव करा की हिंसेची तक्रार असेल तर पोलीस, संरक्षण अधिकारी आणि स्त्री संघटनेच्या कार्यकर्त्या यांना फ्लॅटधारकाच्या परवानगीसाठी गेटवर थांबवायचं नाही, आणि हे वॉचमनला लेखी द्या. ११२ हा मदतीचा क्रमांक प्रत्येक लिफ्टमध्ये लावा.

ही कामं एकटीदुकटीने होणारी नाहीत. टॉवरमधल्या दहाजणी आणि मागच्या वस्तीतल्या दहाजणी मिळून एका रात्री थांब्यापासून गेटापर्यंत चालत गेल्या, तर सुरुवात झाली. तक्रारीच्या अर्जावर दोन्हीकडच्या सह्या असू द्या. अर्जाचा नमुना आणि तपासणीचा तक्ता हवा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, आम्ही पाठवू. आणि तुमच्या रस्त्यावर काय दिसलं ते आम्हाला लिहून पाठवा. बंद दिव्यांचा आकडाही चालेल.